घर घेताना हद्दीचा वाद: विकणारा समोर असेपर्यंत काय करून घ्यायचं

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. बहुतेक सातारा जिल्ह्यात, मधली काही कोकणात. आता निवृत्त होऊन वाईत राहतो. ओळखीपाळखीची माणसं घर घेण्याआधी कागदांची पिशवी घेऊन येतात, पण बरेचदा उशिरा येतात. विसार दिलेला असतो, बँकेचं कर्ज मंजूर झालेलं असतं, नोंदणीची तारीखही ठरलेली असते, आणि शेवटच्या आठवड्यात शेजारी दारात येऊन म्हणतो, "ही भिंत आमची आहे बरं का, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

माझं सांगणं एवढंच, की हद्दीचा प्रश्न खरेदीखताच्या आधी सोडवा. खरेदीखत होईपर्यंत विकणाऱ्याला तुमचे पैसे हवे असतात. मोजणीचा अर्ज, शेजाऱ्याशी बोलणी, जुन्या कागदांची शोधाशोध हे सगळं तो करतो, कारण त्याची गरज असते. पैसे पोचले की त्याची गरज संपते आणि त्याच्या वडिलांच्या काळापासून चालत आलेलं भांडण तुमच्या नावावर चढतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे मिळकतीतला मोठा दोष विकणाऱ्याने सांगायला हवा, हे खरं. पण तिथे अट आहे: खरेदीदाराला साधारण काळजी घेऊन कळला नसता असाच दोष. फीता लावून आणि शेजाऱ्याला विचारून जे कळलं असतं, ते 'मला सांगितलं नाही' असं म्हणत कोर्टात उभं राहणं फार अवघड जातं.

खाली लिहितो आहे ते गावठाणातल्या किंवा पेठेतल्या स्वतंत्र घराबद्दल, बंगल्याच्या प्लॉटबद्दल. उदाहरण म्हणून माझ्याकडे आलेल्या एका शिक्षक जोडप्याचं घर अधूनमधून सांगेन. जुन्या पेठेतलं दुमजली घर, मागे छोटं परसू, पूर्वेला शेजाऱ्याचं घर भिंतीला भिंत लावून.

कागद आधी

शहरात किंवा मोठ्या गावात नगर भूमापन झालेलं असेल, तर घराला नगर भूमापन क्रमांक असतो. लोक त्याला सीटीएस नंबर म्हणतात. तिथे मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि त्याच क्रमांकाचा नकाशा काढा. नुसतं कार्ड आणून भागत नाही, कारण कार्डावर क्षेत्र आणि नाव असतं, आकार नसतो. आणखी एक कागद फार कमी लोक मागतात: चौकशी नोंदवहीचा उतारा. नगर भूमापन झालं तेव्हा चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक मिळकतीची हद्द आणि हक्क विचारून जी नोंद केली, ती यात असते. भिंत सामाईक आहे का, बोळ कुणाचा, ओटा रस्त्यावर आला आहे का, याचा उल्लेख तिथे सापडू शकतो. भांडणाच्या प्रकरणात मी सगळ्यात आधी हीच वही उघडत असे.

नगर भूमापन न झालेल्या ठिकाणी सातबारा, गट नकाशा, आणि पोटहिस्से पडलेले असतील तर फाळणी बारा, म्हणजे त्या हिश्श्यांचा नकाशा. जमिनींच्या एकत्रीकरणाच्या आधीचा सर्व्हे नंबर माहीत असेल तर टिपण, गुणाकार बुक आणि आकारफोड पत्रक हे मोजणीचे आणि आकारणीचे जुने कागदही मागवा. महसूल खात्याच्या संकेतस्थळांवर जुने अभिलेख स्कॅन करून ठेवलेले आहेत आणि भूनकाशाही घरबसल्या बघता येतो. तो बघा जरूर, आकार आणि शेजारचे क्रमांक कळतात. पण स्क्रीनवरच्या रेषेवरून भिंत कुणाची हे ठरवू नका.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून घर विकणारे पुष्कळ आहेत. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. त्यावर लिहिलेली लांबी-रुंदी बहुधा घरमालकाने सांगितलेली असते. ती मालकीचा पुरावा नाही आणि हद्दीचा तर नाहीच. अशा गावठाणांसाठी २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी सुरू झाली आणि अनेक गावांत मालमत्ता पत्रकं तयार झाली. तुमच्या गावात ती झाली असेल तर पत्रक आणि नकाशा घ्याच, पण शेजाऱ्याला एक प्रश्न विचारा: ड्रोन येण्याआधी जमिनीवर चुन्याने हद्द आखली तेव्हा तुम्ही हजर होता का? वरून छप्पर दिसतं, पागोळीखालची जमीन दिसत नाही. ती रेघ जमिनीवर कुणी आणि कुणासमोर मारली, यावर बरंच अवलंबून असतं.

मग जुनी खरेदीखतं. किमान तीस वर्षांची साखळी वकील बघतातच. तुम्ही त्यातल्या फक्त चतुःसीमा एका कागदावर एकाखाली एक उतरवून काढा. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस काय, उत्तरेस काय. एका दस्तात 'उत्तरेस सरकारी बोळ' आणि पुढच्या दस्तात 'उत्तरेस अमक्याचे घर' असं आलं, तर बोळ मध्येच कुठे गेला हे विचारायलाच हवं. अनेकदा चतुःसीमा मागच्या दस्तातून जशाच्या तशा उतरवलेल्या असतात आणि त्यातली माणसं कधीच वारलेली असतात. स्वातंत्र्याआधीचे कागद मोडीत असतील तर मोडी वाचणाऱ्याला पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या. त्यात मापं हातात आणि खणांत असतात. हात म्हणजे साधारण दीड फूट, पण खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, वाड्यावाड्यागणिक बदलतो. त्यामुळे 'पाच खणी घर' यावरून फूट काढत बसू नका. तिथे चतुःसीमाच वाचायच्या.

सातबाऱ्यावर एक किंवा दोन गुंठे नाव लागलं आहे, पण नकाशावर हिस्सा पडलेला नाही, असे गुंठेवारीचे प्लॉट कराडपासून पुण्यापर्यंत भरपूर विकले जातात. एका गटात वीस-पंचवीस नावं. अशा प्लॉटला कागदावर हद्दच नसते. एजंटाने मारलेले चार खुंट हीच हद्द. तिथे मोजणी मागितली तर मोजणी पूर्ण गटाची होते, तुमच्या दोन गुंठ्यांची नाही. या प्रकारच्या जागेचा वाद सोडवायला सगळे सहधारक लागतात. मी माझ्या घरातल्या माणसाला असा प्लॉट घेऊ देणार नाही.

कोकणातल्या घरांचं दुखणंही याच जातीचं. मुंबईला राहणारा माणूस फोनवर फोटो बघून गावचं घर ठरवतो. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दाखवला जातो, माड मोजून दाखवले जातात. पण सातबाऱ्यावर सामाईकात चार पिढ्यांची नावं असतात, आणि गडगा भावाभावांनी वहिवाटीसाठी घातलेला असतो. वाटप झालेलं नसेल तर गडगा ही हद्द ठरत नाही. वाटपाचा नोंदलेला दस्त किंवा दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा मागा, त्याची नोंद सातबाऱ्यावर आणि नकाशावर झाली आहे का ते बघा.

जागेवर फीता लावताना

तीस मीटरचा फीता, एक सोबती, वही. चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचा आकार ठरत नाही. बाजू त्याच ठेवून चौकोन कलला तर क्षेत्र बदलतं. कर्ण मोजला की दोन त्रिकोण होतात, मग क्षेत्र पक्कं निघतं.

जुन्या कागदात गुंठे आणि आणे असतील तर हिशोब लक्षात ठेवा. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, एक गुंठा. एक आर मात्र १०० चौरस मीटर, म्हणजे १०७६ चौरस फूट. दोन्ही एकच धरून चालणारे दलाल आहेत. दहा गुंठ्यांत हा फरक जवळजवळ १३० चौरस फुटांचा होतो.

त्या शिक्षक जोडप्याच्या घराच्या कार्डावर १६२ चौरस मीटर होते. फीत्याने १७१ निघाले. दोघं खूश झाली, कागदापेक्षा जास्त जागा मिळते म्हणून. जागेवर क्षेत्र कमी भरलं की लोक घाबरतात, जास्त भरलं की हरखतात. मला जास्त भरलेल्या क्षेत्राची चिंता अधिक वाटते, कारण ते जास्तीचं कुणाचं तरी आहे. नकाशा पाहिला तर परसाच्या मागे नऊ मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा जुना सफाईचा बोळ होता. कधीतरी भिंत घालून तो परसात ओढलेला. बोळ सार्वजनिक. विकणाऱ्याला तो विकताच येत नव्हता, आणि तो मात्र १७१ चौरस मीटरचा भाव लावत होता.

क्षेत्राबरोबर खुणा वाचा. भिंतीला भिंत असेल तर तुळयांची टोकं बघा. दोन्हीकडच्या तुळया त्याच भिंतीत शिरल्या असतील तर भिंत सामाईक असण्याचा संभव मोठा. कोनाडे आणि देवळ्या कुठल्या बाजूने खोदल्या आहेत ते बघा. जोत्याचे दगड भिंतीच्या कुठल्या बाजूला पुढे आले आहेत तेही बघा. छपराचं पाणी कुठे पडतं हे पावसाळ्यातच नीट कळतं, म्हणून जमलं तर पावसात एकदा जागेवर जा. पागोळी शेजाऱ्याच्या जागेत वर्षानुवर्षं पडत असेल तर तो हक्काचा प्रश्न होतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे उजेड, वारा, वाट, पाण्याचा निचरा हे २० वर्षं उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरले तर त्यांचा हक्क मिळू शकतो. तुमच्या परसाकडे उघडणारी शेजाऱ्याची जुनी खिडकी म्हणूनच महत्त्वाची. उद्या तुम्ही तिच्यासमोर भिंत बांधायला गेलात तर तो अडवेल, आणि त्याच्या बाजूने कायदा असू शकेल. सांडपाण्याचं गटार, नळाची पाइपलाइन, मैलापाण्याची टाकी यांच्या जागाही वहीत टिपून ठेवा.

मग शेजारी. दलालाला बरोबर नेऊ नका. संध्याकाळी दोघं नवरा-बायको जा, चहा पुढे आला तर नाही म्हणू नका, आणि सरळ विचारा: "काका, आम्ही हे घर घेतोय. हद्दीबद्दल, भिंतीबद्दल तुमचं काही म्हणणं असेल तर आत्ताच सांगा. नंतर तुमच्याशी भांडायची आमची इच्छा नाही." या एका प्रश्नातून जेवढं बाहेर येतं तेवढं कुठल्याही शोध अहवालातून येत नाही. वकिलाचा शोध अहवाल कागद बघतो. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस घराची किंमत बघतो. शेजाऱ्याच्या मनात काय आहे हे बघणं त्यांचं काम नाही. जमलं तर पलीकडच्या घरातल्या आजींनाही भेटा. कुठली भिंत कुणी बांधली, तेव्हा कुणी हरकत घेतली, हे त्यांना पाठ असतं.

मोजणी विकणाऱ्याच्या नावाने

हद्द कायम मोजणीचा, म्हणजे अभिलेखातली हद्द जागेवर दाखवून घेण्याचा, अर्ज ज्याचं नाव अभिलेखात आहे त्यानेच करायचा असतो. तुमचं नाव लागलेलं नसताना तुम्ही अर्ज करू शकत नाही. म्हणूनच साठेखतातच, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारातच, अट घाला: विकणारा स्वतःच्या खर्चाने अधिकृत मोजणी करून देईल, क प्रत (मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारा नकाशा) हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देय होणार नाही, आणि हद्दीत फरक निघाला तर व्यवहार मोडण्याचा किंवा किंमत कमी करण्याचा हक्क खरेदीदाराला राहील. विसार थोडाच द्या. विकणारा म्हणाला, "मोजणीला वेळ लागतो, आमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे," तर त्या गिऱ्हाइकाला घर घेऊ द्या.

अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात जातो, आता ऑनलाइनही होतो. ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, जागेचा कच्चा नकाशा आणि लगतच्या धारकांची नावं-पत्ते लागतात. फी क्षेत्रावर आणि मोजणी नियमित हवी की द्रुतगती यावर ठरते. अर्जातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे लगतधारकांचे पत्ते. शेजारी पुण्याला राहत असेल तर पुण्याचा पत्ता द्या. नोटीस पोचली नाही असं तो नंतर म्हणाला, की सगळी मोजणी संशयात येते. विकणारा मुद्दाम चुकीचा पत्ता टाकतो असंही मी पाहिलेलं आहे, म्हणून अर्ज स्वतः वाचून घ्या.

मोजणीच्या दिवशी तुम्ही हजर राहा. झाडोरा आधी काढून ठेवा, खुणांसाठी दगड किंवा खुंट आणि चुना तयार ठेवा. भूकरमापक आधी वहिवाट मोजतो, म्हणजे प्रत्यक्ष कुठे भिंत आहे, कुठे कुंपण आहे. मग ती मूळ नकाशावर बसवून हद्द दाखवतो. पूर्वी आम्ही फळी आणि साखळी वापरायचो, आता जीपीएस रोव्हर आहे. यंत्र अचूक झालं, पण जिच्याशी ताडून बघायचं ती मूळ रेषा जुनीच आहे. पंचनाम्यात आणि जबाबात शेजाऱ्याचं म्हणणं नोंदवलं जातं. तो सही करत नसेल तर तेही लिहिलं जातं. हजर राहिला नाही म्हणून मोजणी थांबत नाही. दमदाटी होण्याची भीती असेल तर पोलीस बंदोबस्त मागता येतो. शेवटी अर्जदाराला नकाशाची क प्रत मिळते. तिच्यावर अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते, आणि दोन्हींत अंतर पडलं की तिथे वाद आहे.

आता एक गोष्ट जी खात्यातली माणसंही सामान्य लोकांना नीट सांगत नाहीत. नगर भूमापनाचा नकाशा सहसा १:५०० प्रमाणात असतो. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीची पेन्सिलीची रेघ म्हणजे जमिनीवर पाव मीटर, साधारण दहा इंच. कागद जुना, घड्या पडलेला, थोडा आखडलेला असेल तर आणखी फरक. त्यामुळे सहा इंचांच्या भांडणाचा निकाल नकाशावरून लागत नाही. दोन वेळा मोजलं तर दोन उत्तरं येतील आणि दोन्ही प्रामाणिक असतील. सहा इंच, एक फूट असला वाद असेल तर मोजणीमागून मोजणी मागू नका. भिंतीची खूण, जुने दस्त आणि दोन घरांमधलं बोलणं यांवरच तो मिटतो. चार-पाच फुटांचा वाद मात्र मोजणीत स्पष्ट दिसतो.

मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी मागता येते. ती वरच्या पातळीवरचा अधिकारी करतो. तीही अमान्य असेल तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताना. पण मोजणी खातं हद्द दाखवतं, ताबा देत नाही. अतिक्रमण काढणं भूकरमापकाच्या हातात नाही. 'मोजणी आमच्या बाजूने आली, आता भिंत पाडतो,' असं म्हणून कुदळ उचलणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि पुढे फौजदारी त्यांच्यावरच दाखल झाली आहे.

वाद निघाला तर

आधी वादाची जात ओळखा.

शेजारी म्हणतो, "ही पट्टी आम्ही वडिलांच्या काळापासून वापरतो." इथे प्रश्न आहे की कशाच्या जोरावर वापरतो. मालकाने परवानगी दिली म्हणून गोठा बांधला असेल, तर कितीही वर्षं झाली तरी ती परवानगीच राहते. पण मालकाच्या हक्काला आव्हान देऊन, उघडपणे, सलग १२ वर्षं ताबा ठेवला असेल, तर मुदतीचा कायदा, १९६३ च्या ६५ व्या नोंदीप्रमाणे मालकाचा हक्कच संपू शकतो. यालाच प्रतिकूल ताबा म्हणतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा ताबेदाराला स्वतः वादी होऊनही दावा लावता येतो असं ठरवलं. त्यामुळे 'बघू नंतर' म्हणत बसण्यात विकणाऱ्याची आणि तुमची, दोघांचीही जागा जाऊ शकते. परवानगीची गोष्ट असेल तर शेजाऱ्याकडून आत्ताच लेखी घ्या. उलट बाजूने, आपल्या ताब्यात आलेला सार्वजनिक बोळ किंवा रस्ता बारा वर्षांत आपला होतो हा गैरसमज काढून टाका. स्थानिक संस्थेला तिथे ३० वर्षांची मुदत आहे.

वाद कोर्टात गेलेला आहे का ते शोधा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याचं आणि शेजाऱ्याचं, दोघांचंही नाव टाकून बघा. दुय्यम निबंधकाकडच्या शोधात दाव्याची नोंदवलेली नोटीस म्हणजे लिस पेंडन्स सापडली तर दावा आहे हे नक्की. सापडली नाही म्हणून दावा नाही असं मात्र होत नाही. 'जैसे थे'चा हुकूम असेल तर त्या घराला हात लावू नका. निकाल लागेपर्यंत थांबा किंवा दुसरं घर बघा. सरकारी जागेवरचं अतिक्रमण आणि सहहिस्सेदारांचं न झालेलं वाटप, या दोन ठिकाणीही माझा सल्ला निघून येण्याचाच आहे.

बाकीचे वाद मिटतात. त्या शिक्षक जोडप्याचं सांगतो. मागचा बोळ आम्ही व्यवहारातून सरळ काढून टाकला. किंमत १६२ चौरस मीटरवर ठरली आणि खरेदीखतात परसाच्या मागची हद्द बोळापर्यंतच लिहिली. नगरपालिकेने उद्या बोळ मोकळा करायला सांगितला तर भिंत मागे घ्यावी लागेल हे दोघांना स्पष्ट सांगितलं, त्याचा खर्च किमतीत धरला. पूर्वेच्या भिंतीवर शेजारी आपली पूर्ण मालकी सांगत होते. तुळया दोन्हीकडून भिंतीत होत्या, चौकशी नोंदवहीतही सामाईक असा शेरा निघाला. तो उतारा समोर ठेवल्यावर शेजारच्या आजोबांचा आवाज उतरला. त्यांची खरी तक्रार वेगळीच होती: वरच्या मजल्याचं पाणी त्यांच्या न्हाणीच्या भिंतीत मुरत होतं. विकणाऱ्याने पन्हळ घालून पाणी रस्त्याकडे वळवून दिलं. मग भिंत सामाईक आहे, दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, कुणीही दुसऱ्याला विचारल्याशिवाय भिंतीवर मजला चढवायचा नाही, असा दस्त विकणारा आणि शेजारी यांच्यात नोंदणी करून झाला. खरेदीखत त्याच्यानंतर.

नोंदणी करूनच, हे मुद्दाम सांगतो. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेली समजूत स्थावर मिळकतीतल्या हक्कासाठी कमी पडते. जमिनीची पट्टी इकडून तिकडे जात असेल तर मुद्रांक, नोंदणी आणि त्यानंतर अभिलेखात पोटविभागणी, सगळं करावं लागतं. दावा चालू असेल आणि दोघं तयार असतील तर तडजोड हुकूमनामा घ्या किंवा लोकअदालतीत जा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

खरेदीखतात काय लिहायचं

वकील जुनी चतुःसीमा चिकटवतील. तुम्ही आग्रह धरा की प्रत्येक दिशेला शेजाऱ्याच्या नावाबरोबर त्याचा नगर भूमापन किंवा गट क्रमांक यावा आणि प्रत्येक बाजूची लांबी मीटरमध्ये यावी. क प्रतीची नक्कल दस्ताला जोडून तिच्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या. चतुःसीमा आणि क्षेत्र यांत विसंगती आली तर न्यायालयं साधारणपणे चतुःसीमेला महत्त्व देतात, त्यामुळे तिथला एक चुकीचा शब्द महागात पडतो. हद्दीबद्दल कुठलाही वाद, नोटीस, दावा नाही असं विकणाऱ्याचं निवेदन आणि निघाल्यास भरपाईची हमी, ही दोन वाक्यंही हवीत. ज्या भिंतीवर, बोळावर, पाण्याच्या वाटेवर समझोता झाला त्या दस्ताचा क्रमांक खरेदीखतात यायला हवा.

घर घेतल्यावर वाद उभा राहिला तर

हे वाचणाऱ्यांपैकी काहींची खरेदी झालेली असेल. तुम्ही आता अभिलेखातले मालक आहात, मोजणीचा अर्ज तुमच्या नावाने करा. शेजाऱ्याने बांधकाम सुरू केलं असेल तर दिवस घालवू नका. फोटो काढा, वकिलामार्फत नोटीस द्या, आणि मनाई हुकुमासाठी दिवाणी न्यायालयात जा. उभी राहिलेली भिंत पाडून घेण्यापेक्षा न उभारलेली थांबवणं खूप सोपं. पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा 'दिवाणी स्वरूपाचा वाद' असं उत्तर मिळेल, तरी मारामारीची भीती असेल तर तक्रार नोंदवून ठेवा. जबरदस्तीने ताबा काढून घेतला असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मिळवायला फक्त सहा महिन्यांची मुदत आहे. या दाव्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही, तुमचा ताबा होता एवढंच दाखवायचं. महिने बोलण्यात घालवले की हा सोपा रस्ता बंद होतो.

नेहमीच्या हद्दीच्या दाव्यात वकिलाला सांगून कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६, नियम ९ खाली न्यायालय भूमी अभिलेखच्या अधिकाऱ्याकडून दोन्ही मिळकतींची मोजणी करून घेऊ शकतं. दोन्ही मिळकतींची, हे अर्जात स्पष्ट लिहा. फक्त तुमचीच मोजली तर शेजाऱ्याचं क्षेत्र पूर्ण भरतं की जास्त भरतं हे कळतच नाही. सर्व्हे नंबर किंवा धारणजमिनीच्या हद्दीचा वाद जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १३५ खाली महसूल अधिकाऱ्यांपुढेही जातो. मालकीचा प्रश्न गुंतला असेल तर मात्र शेवटी दिवाणी न्यायालयच.

मोजणीत बसवलेल्या खुणा सांभाळा. त्या उपटणाऱ्याला महसूल संहितेच्या कलम १४५ खाली दंड आहे, पण खूण तिथे होती हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून मोजणीच्या दिवशीच प्रत्येक खुणेचा फोटो काढा. फोटोत मागे न हलणारी एखादी वस्तू यायला हवी: देवळाचा कळस, विजेचा खांब, विहिरीचा कठडा. त्या वस्तूपासून खुणेपर्यंतचं अंतर फीत्याने मोजून क प्रतीच्या नकलेवर पेनाने लिहून ठेवा. खरेदीखताची नोंद मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर झाली का ते स्वतः उतारा काढून तपासा. नाव, क्षेत्र आणि क्रमांक यांत चूक असेल तर विकणारा गाव सोडून जायच्या आत चूक दुरुस्ती दस्त करून घ्या.